लहान मुले आणि आजी-आजोबांसह चढता येईल असा, माथ्यावर गवताळ पठार असलेला डोंगर पुण्याजवळ कोणता?

अशा कुटुंबाला मी लोणावळ्याच्या दक्षिणेचा कोरीगड निःसंशय सुचवेन. पेठ शहापूर गावाजवळून निघणारी वाट आधी झाडीतून सपाटीने जाते आणि पुढे पायऱ्यांनी गडाच्या दरवाजापर्यंत चढते, त्यामुळे मुलांसह थांबत-थांबत गेले तरी साधारण तासाभरात माथा गाठता येतो. तेथील विस्तीर्ण गवताळ पठार, दोन तळी, कोराईदेवीचे मंदिर आणि १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेल्यानंतरही बरीचशी शाबूत राहिलेली तटबंदी यांसाठी निवांत वेळ राखून ठेवावा. गवत सप्टेंबरमध्ये सर्वांत सुंदर असते. भर पावसात मात्र पायऱ्या निसरड्या होतात आणि तटाकडेला धुके दाटते, म्हणून मुलांचा हात मुळीच सोडू नये. माथ्यावर सावली फारशी नाही, त्यामुळे पुरेसे पाणी सोबत न्यावे.