दिवाळखोरी आणि महापालिका कायदा: अमेरिकेत वकिलीसाठी यायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की पुण्यात महापालिकेच्या पॅनेलवर मालमत्ताकराची प्रकरणं आणि सोबत एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) आयबीसीची, म्हणजे भारताच्या दिवाळखोरी कायद्याची कामं केल्यावर, एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करून अमेरिकेत 'चॅप्टर 9'चं, म्हणजे शहरांच्या दिवाळखोरीचं काम मिळेल का. मी न्यूयॉर्कमध्ये कर्जपुनर्रचनेची वकिली करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या, पण फक्त चॅप्टर 9 च्या भरवशावर येऊ नका. हा कायदा पहिल्यांदा 1934 मध्ये आला, 1936 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला, 1937 मध्ये सुधारून परत आणला. तरीही आजवरची मोठी प्रकरणं बोटांवर मोजण्याइतकीच: ऑरेंज काउंटी 1994, जेफरसन काउंटी 2011, डेट्रॉइट 2013. धनको शहराला दिवाळखोरीत ओढू शकत नाहीत. शहराने स्वतः अर्ज करायचा, तोही राज्याने तशी स्पष्ट मुभा दिली असेल तरच. शिवाय जज शहराचा कारभार हातात घेऊ शकत नाही, मालमत्ता विकायलाही लावू शकत नाही. आयबीसीत रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे न्यायाधिकरणाने नेमलेला व्यावसायिक, येऊन कंपनीचा ताबा घेतो. चॅप्टर 9 मध्ये असा कोणी नसतो. डेट्रॉइटचे इमर्जन्सी मॅनेजर, म्हणजे संकटात शहराचा कारभार पाहणारे, केव्हिन ऑर यांना मिशिगन राज्याने नेमलं होतं, कोर्टाने नव्हे.

डेट्रॉइटचं प्रकरण मात्र मुळातून वाचाच. सुमारे 18 अब्ज डॉलरची देणी, आणि खरी झुंज निवृत्तांच्या पेन्शनवरून. मिशिगनच्या राज्यघटनेत पेन्शनला संरक्षण आहे, तरी दिवाळखोरीत ती कापता येते, असा निर्णय जज स्टीव्हन ऱ्होड्स यांनी डिसेंबर 2013 मध्ये दिला. शहराच्या कलासंग्रहालयातली चित्रं विकायची वेळ येऊ नये म्हणून धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून सुमारे 81.6 कोटी डॉलर उभे करायचं कबूल केलं, आणि तो पैसा पेन्शनकडे वळवला. तरीही सामान्य कर्मचाऱ्यांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी घटली आणि महागाईनुसार मिळणारी वाढ बंद झाली. कायद्याच्या कलमांमागे अशी माणसं असतात. महापालिकेच्या आस्थापनेची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीची प्रकरणं चालवली असतील, तर तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

दिवाळखोरीचा कायदा केंद्राचा, सगळ्या देशात एकच. महापालिका कायदा मात्र राज्याराज्यांत वेगळा. म्हणून आत शिरायचं ते दिवाळखोरीच्या दारातून. शहरांच्या बाबतीत रोजचं काम म्हणजे रोखे वाचणं. रोख्याचं माहितीपत्रक हातात आलं की मी आधी तारणाचं कलम शोधते: परतफेड शहराच्या करांतून आहे की फक्त पाणीपट्टीच्या उत्पन्नातून? शहर बुडालं तर पाणीपट्टीवाल्याला साधारणपणे हप्ते मिळत राहतात, करांच्या भरवशावर बसलेला वाटाघाटीत अडकतो. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे रोखे काढले, त्याचे कागद मिळवून याच नजरेने वाचून बघा. मुलाखतीत त्यावर चांगलं बोलता येईल.

आता परवान्याचं. एलएलएमची फी भरण्याआधी न्यूयॉर्कच्या बार परीक्षा मंडळाकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्या. भारतीय कायदा इंग्लिश कॉमन लॉवर, म्हणजे न्यायालयांच्या जुन्या निवाड्यांवर चालणाऱ्या पद्धतीवर, उभा आहे, त्यामुळे अभ्यासक्रमाचा काळ आणि आशय दोन्ही पुरेसे ठरले तर एलएलएमशिवाय थेट परीक्षेला बसता येतं. गुणपत्रिका विद्यापीठाने थेट पाठवावी लागते; त्यासाठीच्या खेपा आतापासून सुरू करा. परीक्षेखेरीज नीतिनियमांची वेगळी परीक्षा आणि 50 तास विनामोबदला काम हेही आहेच.

तरी एलएलएमचा एक मोठा फायदा आहे: त्यानंतर साधारण वर्षभर इथे काम करता येतं. पुढे एच-1बी हा नोकरीचा व्हिसा, म्हणजे सोडत. त्यात सप्टेंबर 2025 च्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलरचं शुल्क लावलं. एवढा खर्च नवख्या वकिलासाठी फार थोड्या फर्म करतील, म्हणून कर्ज काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाकडून ताजे नियम समजून घ्या. शहरांच्या विधी विभागांत थेट नोकरीची आशा धरू नका. व्हिसाची जबाबदारी ते क्वचितच घेतात.

घरची जबाबदारी असेल तर आधी मूल्यमापन आणि परीक्षा, मग राजीनामा, असा क्रम ठेवा. पॅनेलचं काम तोवर सोडू नका.