चारकोलने, म्हणजे कोळशाच्या कांडीने, काढलेलं चित्र मळकट का होतं? क्लासमध्ये सर म्हणतात ‘हात मोकळा सोड’, म्हणजे नेमकं काय करायचं?

माझंही पहिले दोन महिने अगदी हेच व्हायचं. रविवारी दादरला क्लासला जायचे आणि करड्या डागांनी भरलेला कागद गुंडाळून घरी आणायचे. आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली माणसं. आधी बाह्यरेषा, मग तिच्या आत जपून शेडिंग, हे बोटांत मुरलेलं असतं.

आधी मळकटपणाचं सांगते. बहुतेक तुम्ही कॉम्प्रेस्ड चारकोलने, म्हणजे कोळशाची भुकटी दाबून केलेल्या कांडीने, सुरुवात करून बोटाने घासत असाल. त्यात चिकटद्रव्य असतं, त्यामुळे तो पुसून पूर्ण निघत नाही. वर बोटाचा घाम, आणि मुंबईची दमट हवा! सुरुवात विलो झाडाच्या चारकोल कांडीने करा. ती नुसती जाळलेली फांदी, सुती फडक्याने झटकली तरी बरीचशी निघते. कॉम्प्रेस्ड शेवटी, अगदी गडद दोन-तीन जागांपुरता.

मोकळा हात मला कळला तो एका बंबामुळे. सरांनी तांब्याचा जुना बंब मांडला होता आणि मी त्याची तोटी कोरत बसले होते. त्यांनी नवा कागद लावायला सांगितला. कांडी आडवी धरून तो पूर्ण करडा करून घेतला, मग हातात फक्त पुटी रबर दिला, कणकेसारखा मऊ, हवा तसा दाबता येणारा खोडरबर. म्हणाले, “आता उजेड काढ.” रबर चिमटीत दाबून टोकदार केला आणि बंबाच्या पोटावर खिडकीचा उजेड होता तिथे वरून खाली एकदाच ओढला. पांढरी पट्टी उमटली आणि बंब गोल दिसायला लागला. बाह्यरेषा एकही नव्हती. अंगावर काटा आला माझ्या.

घरी कागद भिंतीला लावून उभ्याने काढा. मांडीवर बोर्ड घेतला की नुसतं मनगट हलतं, हात खांद्यापासून फिरायला हवा. न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर, 2-2 मिनिटांची दहा चित्रं रोज. जिथे वस्तूचं वजन पडतं तिथे दाबा, उजेडाकडे जाताना रेष सोडून द्या.

जर्मन चित्रकर्ती केटे कोलवित्झ यांचं 1933 चं चारकोलमधलं आत्मचित्र जरूर शोधून पाहा. चेहरा बारकाईने काढलाय, पण चित्र काढणारा हात म्हणजे नुसते नागमोडी, जोरकस फटकारे. तरीही तो हात हलताना दिसतो. सर तुमच्याकडून तेच मागतायत.

फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल कागदावर पक्का बसवणारा फवारा, मारायचं तर गॅलरीत, लांबून, हलक्या थरांत. त्याने चित्र थोडं गडद होतं, तेवढी जागा आधीच ठेवा.