किल्लीला हात लावण्याआधी

ला पोसा, क्वार्ट्झसाइट, ॲरिझोना
19 जानेवारी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सकाळीच गाडीबाहेर टेबल टाकून वही घेऊन बसलेय. ऊन कोफाच्या डोंगरांमागून आत्ता कुठे वर आलंय, अंगात स्वेटर आहे, आणि तीस पावलांवर तुझ्या बाबांचा ट्रेलर, त्यांचं चाकांवरचं घर, दिसतोय. खिडकीचा पडदा वर आहे. या पडद्याबद्दल पुढे सांगते.

ट्रेलर विकून बाबांना न्यू जर्सीला घेऊन जाऊ का, असं तू विचारतेस. तुझा भाऊ म्हणतो, इथेच राहू दे. दोन्ही बाजूंचे मुद्दे तू व्यवस्थित मांडलेस: मधुमेह, वय 73, गावात हॉस्पिटल नाही, मनगट मुरगळलं, एकटेपणा, खर्च. मी तीनदा वाचलं. बाबा काय म्हणाले, ते मात्र त्यात कुठेच सापडलं नाही.

तू म्हणशील, विचारलं की. काय विचारलंस तेही तूच लिहिलंयस: "मी म्हटलं, बाबा, आता तुम्ही माझ्याकडेच यायचं हं. ते काही बोलले नाहीत." अगं, याला विचारणं म्हणत नाहीत. ठरवून झालं होतं, ते तू त्यांच्या कानावर घातलंस. आणि ते काही बोलले नाहीत हे तुला संमतीसारखं वाटलं. मला नाही वाटत.

विचारल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. मी तुला एवढंच सांगणार आहे, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कारण मी हात लावलेला आहे.

2011 च्या नोव्हेंबरात तुझ्या काकांना पक्षाघाताचा झटका आला. फार मोठा नव्हता. डावा पाय ओढायचा, बोलणं शाबूत होतं. ते रिहॅबमध्ये असताना तिसऱ्याच आठवड्यात मी त्यांची गाडी विकली. 24 फुटी आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, दोन वर्षं शोधून घेतलेली, आतली कपाटं त्यांनी स्वतः बसवलेली. डॉक्टर म्हणाले होते, यांनी आता गाडी चालवायची नाही. मी त्याचा अर्थ लावला, आता गाडी ठेवायची नाही. किल्ली त्यांच्या पँटच्या खिशात होती, आणि ती पँट हॉस्पिटलातून मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मिळाली होती. मी खिशातून किल्ली काढली आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली.

ते घरी आले तेव्हा दारात गाडीच्या जागी तेलाचा एक डाग होता, ताटलीएवढा. त्यांनी वॉकर थांबवला, डागाकडे बघितलं आणि म्हणाले, "ते गॅस्केट बदलायचं राहूनच गेलं." बस, एवढंच. पुढे दोन वर्षं त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. पण खुर्ची त्या खिडकीशी नेऊन ठेवली. ओहायोचं बर्फ पडलं की डाग झाकला जाई, मार्चमध्ये पुन्हा दिसू लागे. 2013 मध्ये ते गेले.

त्यांनी गाडी चालवायला नको होती हे खरंच. पण मी चालवू शकले असते! 2014 साली, 61 व्या वर्षी, शिकलेच ना मी? एका रिकाम्या पार्किंगमध्ये दोन महिने रोज सकाळी रिव्हर्स घेत होते. हेच तीन वर्षं आधी केलं असतं तर ते शेजारच्या सीटवर बसून इथे आले असते. इथल्या उन्हात खुर्ची टाकून बसले असते.

वाईट हेतू नव्हता माझा. औषधं, विमा, फिजिओथेरपी, घराचे हप्ते, सगळं एकटीवर होतं, आणि दारात बर्फाखाली उभी ती अवाढव्य गाडी. माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. हे मी आजही स्वतःला सांगते आणि ते खरंही आहे. पण विचारायला पाच मिनिटं लागली असती.

आता इथलं सांगते, कारण तू चार दिवस राहिलीस आणि तुला सगळं उणंच दिसलं. नळ नाही, वीज नाही, काळपट दगडगोट्यांचं मैदान. ही सरकारी जमीन आहे, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. 1983 पासून त्यांनी थंडीत लांब मुक्काम करणाऱ्यांसाठी अशा जागा राखून ठेवल्या आहेत. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल एवढा हंगाम; मी पहिल्यांदा आले तेव्हा पूर्ण हंगामाचे 180 डॉलर घेत. पाणी भरायला आणि संडासाची टाकी रिकामी करायला ला पोसा साउथला जायचं. बाकी ज्याचं त्याने बघायचं.

तुझे बाबा 40 गॅलनची टाकी बारा दिवस पुरवतात. मला दहाच्या वर कधी जमलं नाही. भांडी घासण्याआधी ते कागदाने पुसून घेतात. आंघोळीला गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरतात, मग त्यात मोजे धुतात. संध्याकाळी बॅटरी किती टक्के उरली, ढग किती वेळ होते, सगळं वहीत. ती वही बघून तू मला म्हणालीस, "काकू, या वयात किती हा त्रास." मला तेव्हाच बोलायचं होतं. तुझी आई गेल्यावर वर्षभर या माणसाच्या घरात नळ होता, गीझर होता, शेगडी होती, आणि त्यांनी स्वतःसाठी कपभर चहा केला नव्हता. मी फोन करायचे तेव्हा दुपारी तीनला झोपेतून उठून बोलायचे. आज ते सहाला उठतात, कारण छतावरच्या सोलर पॅनलवरची धूळ पुसायची असते.

आणि एकटे कुठे आहेत? पाच गाड्या आहेत आमच्या. कॅनडातल्या सस्कॅचवानचं शेतकरी जोडपं, मिनेसोटाच्या निवृत्त नर्सबाई, ओरेगनचा ट्रक मेकॅनिक, तुझे बाबा आणि मी. दोन गाड्यांमध्ये 15 फूट तरी अंतर हवं असा इथला नियम आहे. आम्ही त्याहून जास्त ठेवतो. आठच्या आत प्रत्येकाने दाराकडच्या खिडकीचा पडदा वर करायचा. आठ वाजले आणि पडदा खालीच असला, तर कोणीतरी जाऊन दार वाजवतं. आठ वर्षांत तीनदा वाजवावं लागलं. दोनदा झोप लागली होती. एकदा नर्सबाईंना सणकून ताप होता.

नवीन कोणी आलं की तुझे बाबा त्याला गावातल्या स्मशानात हाय जॉलीच्या थडग्यावर घेऊन जातात. दगडी पिरॅमिड, वर तांब्याचा उंट. 1856 साली अमेरिकी सैन्याने उंट आणले त्यांच्यासोबत आलेला हा उंटवाला, 1902 मध्ये इथेच वारला. मूळ नाव हाजी अली, इथल्या लोकांच्या तोंडी त्याचं हाय जॉली झालं. वरळीत वाढलेला माणूस ॲरिझोनाच्या वाळवंटात हाजी अलीला भेटतो, हे सांगताना त्यांचा चेहरा कसा होतो ते तू पाहिलंस का? तुलाही नेणार होते. तू म्हणालीस, आधी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ.

मनगटाचं सांगते. सहा गॅलनचा पाण्याचा कॅन, म्हणजे वीस किलोंच्या वर वजन, एका हातात घेऊन ते ट्रेलरच्या पायरीवर चढत होते. पायरी हलली. नर्सबाई समोरच बसल्या होत्या, धावत आल्या. मेकॅनिकने गाडी काढून ब्लाइथच्या हॉस्पिटलात नेलं, 20 मैल. एक्स-रे निघाला, हाड शाबूत होतं. संध्याकाळपर्यंत परत. तुला सांगू नका म्हणाले आणि मी गप्प बसले. तिथे माझं चुकलं. तुला अकरा दिवसांनी कळलं, तू रडलीस, ते रडणं माझ्या खाती आहे. आता मी त्यांना सांगितलंय: असं पुन्हा झालं तर दोन दिवस तुम्हाला देईन, तुम्ही मुलीला कळवा, नाहीतर मी कळवीन. ते हो म्हणाले. त्यांना विचारून ठरवलंय, म्हणून तुला सांगू शकते.

हॉस्पिटल लांब आहे हे तू मेसेजमध्ये चार वेळा लिहिलंस. आहे लांब. ब्लाइथ नाहीतर पार्कर, आणि मोठं काही झालं तर फिनिक्स, 125 मैलांच्या वर. तुझ्या घरापासून हॉस्पिटल चार मिनिटांवर आहे. पण तू आणि जावई सकाळी सातला बाहेर पडता ते संध्याकाळी सातला येता. मुलं शाळेत. त्या बारा तासांत त्यांचा पडदा कोण बघणार? हे मला मुद्दाम टोचून बोलायचं नाही. पण सुरक्षित हा शब्द तू फार पटकन वापरतेस.

तू म्हणशील, काकू, तुम्ही स्वतः तिथेच राहता, तुम्ही असंच म्हणणार. हो, म्हणणारच. माझा मुलगाही दर डिसेंबरात हाच विषय काढतो. त्याला मी लिहून दिलंय: रात्रीचं चालवणं मी दोन वर्षांपूर्वीच सोडलं. मागे घेताना धडकले की त्याच महिन्यात थांबेन. हे माझं मी ठरवलं, म्हणून मी ते पाळेन.

तुझ्या बाबांनाही असंच विचार. अंधारात रस्ता नीट दिसतो का? ट्रेलर ओढताना किती मैलांवर थकता? अमुक झालं की थांबायचं, असं तुम्ही काही मनाशी ठरवलंय का? मी रात्री फोन केला आणि तुम्ही उचलला नाही तर कोणाला करू? आणि विचारून झालं की गप्प बस. ते लगेच बोलणार नाहीत. त्यांना वेळ लागतो, तुझ्या आईला माहीत होतं ते. तू मध्येच बोललीस की संपलं.

त्यांना खरंच दिसत नसेल, तर चालवणं थांबवावंच लागेल. रस्त्यावर दुसऱ्याचीही लेकरं असतात. तेव्हाही समोर बसून, त्यांच्या तोंडावर सांगून किल्ली घे. झोपेत असताना खिशातून नको. आणि ते म्हणाले की येतो तुझ्याकडे, तर मी स्वतः ट्रेलर धुऊन पुसून विकायला मदत करीन, एक शब्द बोलणार नाही. विचारून कळण्याचे दिवस सरतात, मुली. काही जणांचे मी सरताना पाहिलेत. तुझ्या बाबांचे अजून आहेत. आत्ता विचार.

मार्चच्या सुट्टीत येते म्हणाली होतीस, ये. तेव्हा पालो वर्देच्या झाडांना पिवळी फुलं यायला लागतात, आणि एप्रिलच्या उन्हाआधी आम्ही सगळे आवराआवरीला लागतो, हाताखाली माणूस हवंच असतं. येताना एक वस्तू आण. बाबांच्या छतावरच्या झरोक्याचं झाकण उन्हाने तडकलंय, सध्या टेप लावून भागवलंय, आणि गावात त्याला बसेल असं मिळालं नाही. किती इंची, कुठल्या बनावटीचं, मला माहीत नाही. फोन करून त्यांनाच विचार.

तुझी,
काकू