फॉर्म 16 हाती आल्यावर

प्रिय मित्रा,

अनेक शुभाशीर्वाद. आर्थिक वर्ष 2024-25 चा फॉर्म 16 कंपनीकडून आला असून तो तसाच सल्लागाराकडे पाठवून मोकळे व्हावे असा तुझा विचार आहे, असे तू कळवलेस. सल्लागाराकडे जरूर जा, परंतु त्याआधी तो कागद स्वतः वाच. फॉर्म 16 हा तुझ्या कराविषयीचा अंतिम निवाडा नव्हे. कंपनीने तिच्याजवळ असलेल्या माहितीवरून केलेला तो हिशेब आहे, आणि त्या माहितीत उणीव असेल तर विवरणपत्रात ती भरून काढण्याची जबाबदारी कायद्याने तुझ्यावर टाकलेली आहे.

1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 192 नुसार मालकाने तुझ्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज घेऊन त्यावरील कर दरमहा कापायचा असतो, तो सरकारकडे भरायचा असतो, दर तिमाहीला त्याचे विवरण 24क्यू या फॉर्मने द्यायचे असते आणि वर्ष संपल्यावर 15 जूनपर्यंत तुला प्रमाणपत्र द्यायचे असते. हे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 16. त्याचा भाग ए आणि भाग बी हे दोन्ही प्राप्तिकर विभागाच्या ट्रेसेस या करकपातीच्या नोंदींच्या संकेतस्थळावरून तयार होऊन यावे लागतात. मनुष्यबळ विभागाने स्वतःच्या संगणकावर जुळवून पाठवलेला तक्ता दिसायला कितीही नेटका असला, तरी तो फॉर्म 16 ठरत नाही.

भाग ए बहुतेक लोक उलटून टाकतात. माझ्या मते मात्र आधी तोच वाचावा. त्यात कंपनीचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक, तुझा पॅन, प्रत्येक तिमाहीत कापलेला आणि भरलेला कर, तसेच ज्या चलनांनी तो भरला त्यांचा तपशील असतो. पॅनमधील एक अक्षर चुकले, तर तुझा कर दुसऱ्याच्या खात्यावर जमा दिसू शकतो. चलनासमोर जुळणीचे एक अक्षर असते. 'एफ' असेल तर भरणा नोंदींशी जुळून अंतिम झाला, आणि 'यू' असेल तर जुळलेला नाही, असे समज. यानंतर प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरून 26एएस, म्हणजे तुझ्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उतरवून घे आणि तिन्ही आकडे शेजारी ठेव: बारा पगारपावत्यांतील करकपातीची बेरीज, भाग ए मधील बेरीज आणि 26एएस मधील बेरीज. ते एकच असायला हवेत. पगारातून कर कापला गेला, पण 26एएस मध्ये तो दिसत नाही, असे आढळल्यास कंपनीला लेखी कळवून 24क्यू चे दुरुस्ती विवरण भरायला सांग. कापलेला कर कंपनीने भरलाच नसेल, तरी कलम 205 प्रमाणे तेवढा कर तुझ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मात्र तो कापला गेला हे दाखवण्यासाठी पगारपावत्या आणि बँकेचे खातेउतारे तुझ्याजवळ असले पाहिजेत.

भाग बी मध्ये करपात्र उत्पन्न कसे काढले ते दिसते. सुरुवातीला एकूण पगार, त्यात कंपनीकडून मिळालेल्या सोयींचे मूल्य, मग कलम 10 खालील सूट, मग प्रमाणित वजावट, म्हणजे प्रत्येक पगारदाराला सरसकट मिळणारी वजावट, मग गुंतवणुकीवरील 80सी वगैरे वजावटी आणि शेवटी कर, रिबेट म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावरील करमाफी, व 4 टक्के उपकर, असा तो क्रम असतो. हे वाचण्याआधी कर जुन्या की नव्या, कोणत्या करप्रणालीने काढला आहे ते पाहा. 2023-24 पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, आणि जुनी हवी असे तू कंपनीला कळवले नसशील तर तुझा हिशेब नव्या प्रणालीनेच झालेला असेल. त्यात प्रमाणित वजावट 75,000 रुपये मिळते, जुन्या प्रणालीत ती 50,000 रुपये आहे. उलट घरभाडे भत्त्याची सूट, 80सी ची दीड लाखापर्यंतची वजावट आणि वर्षाला भरलेला 2,500 रुपयांचा व्यवसाय कर, यांपैकी काहीही नव्या प्रणालीत वजा होत नाही. तेव्हा ते रकाने रिकामे दिसले म्हणून कंपनीशी भांडायला जाऊ नकोस. पगाराशिवाय धंद्याचे उत्पन्न नसेल, तर मुदतीत विवरणपत्र भरताना तुला प्रणाली बदलता येते. दोन्हींनी कर काढून पाहा आणि मग ठरव.

भाड्याच्या पावत्या वेळेत न दिल्यामुळे कंपनीने सूट नाकारली, अशी तक्रार मी दरवर्षी ऐकतो. मालकाला पुरावा देण्यासाठी 12बीबी हा फॉर्म असतो, आणि तो चुकला तरी जुन्या प्रणालीत घरभाड्याची खरी सूट विवरणपत्रात मागता येते. अर्थात, कागद खरे असावेत आणि मागितल्यास दाखवता यावेत.

तुझ्या बाबतीत खरी काळजी नोकरीबदलाची आहे. समज, एखाद्याने पहिल्या कंपनीत 5 महिन्यांत 4,00,000 रुपये मिळवले आणि दुसरीत 7 महिन्यांत 6,30,000. दोन्ही कंपन्यांनी फक्त आपापल्या पगाराचा विचार केला, प्रत्येकीने 75,000 वजा केले, आणि करपात्र रक्कम 2024-25 साठीच्या 7 लाखांच्या मर्यादेत राहिल्याने रिबेटमुळे कर शून्य ठरवला. प्रत्यक्षात वर्षाचा पगार 10,30,000, प्रमाणित वजावट एकदाच, म्हणून करपात्र उत्पन्न 9,55,000. रिबेट गेला. नव्या प्रणालीच्या त्या वर्षीच्या दरांनी कर 45,500, उपकर 1,820, मिळून 47,320 रुपये. ही रक्कम त्या माणसाला स्वतःच्या खिशातून, वर कलम 234बी आणि 234सी खालील व्याजासह भरावी लागेल. नव्या कंपनीत रुजू होतानाच 12बी या फॉर्मने आधीच्या पगाराची माहिती दिली असती, तर हाच कर महिन्यामहिन्याने कापला गेला असता. तू तो फॉर्म दिला होतास का, हे आधी तपासून पाहा. दिला नसेल, तर दोन्ही कंपन्यांचे कागद एकत्र मांडून विवरणपत्र भरण्यापूर्वीच उरलेला कर भर.

बँकेतील ठेवींचे व्याज फॉर्म 16 मध्ये बहुधा नसते. ते वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएस मध्ये, दिसेल. तेही जोड. कर 26एएस शी जुळला आणि विवरणपत्र दाखल झाले, की 30 दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने ते पडताळून टाक, कारण पडताळणी राहिली तर ते भरलेच नाही असे धरले जाते.

दोन्ही प्रणालींचा हिशेब कागदावर मांडून मला पाठव, मी तपासून देईन.

तुझा हितचिंतक