बड्या टेक कंपनीतील नोकरीसाठी वर्षभर तयारी करणे योग्य आहे का?

महापेच्या छोट्या कंपनीत तीन वर्षे काढल्यावर गूगल-अ‍ॅमेझॉनसाठी वर्षभर लीटकोड (मुलाखतीच्या तयारीसाठी कोडिंगचे प्रश्न देणारे संकेतस्थळ) सोडवत बसावे का, असे आपण विचारले आहे. जरूर बसावे, मात्र स्थैर्यासाठी किंवा लग्नाच्या बायोडेटासाठी नव्हे.

मीही महापेलाच एका छोट्या कंपनीत बँकांसाठी प्रणाली लिहीत होतो. पगाराच्या दिवशी बँकेचा सर्व्हर मंदावला, की आमची प्रणाली तीच चौकशी लगेच पुन्हा पाठवत असे. त्यामुळे आधीच थकलेला सर्व्हर पुरता झोपत असे आणि आम्ही बँकेच्या नावाने बोटे मोडत चहा पीत असू. पुढे हैदराबादला एका बड्या कंपनीत माझ्या जेमतेम दहा ओळींच्या बदलावर एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारले, की हजार मशिन एकाच क्षणी पुन्हा प्रयत्न करू लागली तर काय होईल? दोन प्रयत्नांमधील अंतर दर वेळी दुप्पट करायचे आणि त्यात थोडा अनियमितपणा मिसळायचा, म्हणजे सगळी मशिन एकदम तुटून पडत नाहीत, हे त्यांनीच समजावले. पुस्तकात हे असतेच, पण आपल्याच कोडवर कोणी बोट ठेवल्याशिवाय ते अंगात मुरत नाही. रबाळेला स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी चालवणारे माझे थोरले चुलतभाऊ दर गणपतीत ऐकवतात, की बड्या कंपनीत माणूस नुसता नट-बोल्ट होतो. होत असेल, पण दादांकडे कोडची तपासणी म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ‘चालतंय ना?’ एवढाच प्रश्न असतो.

ऑफर लेटरवरील एकूण आकड्याला मात्र पगार समजू नये. त्यात चार वर्षांत मिळणारे शेअर धरलेले असतात. अ‍ॅमेझॉनच्या अनेक वर्षे रूढ असलेल्या पद्धतीत तर पहिल्या वर्षी ५, दुसऱ्या वर्षी १५ आणि पुढे ४०-४० टक्के शेअर हाती येतात, आणि ते न विकताही त्यांच्या बाजारभावावर पगाराप्रमाणे आयकर लागतो. स्थैर्याचे म्हणाल, तर जानेवारी २०२३ मध्ये एकट्या गूगलने सुमारे १२,००० जणांची कपात जाहीर केली होती.

एक सांगायचे राहिले. या कंपन्यांची अभियांत्रिकीची मोठी केंद्रे बंगळूरु-हैदराबादला आहेत. घरच्या जबाबदारीमुळे ठाणे सोडणे शक्यच नसेल, तर हे वर्ष लीटकोडऐवजी सध्याच्याच कंपनीत कोडची नीट तपासणी सुरू करून घेण्यात घालवावे. त्याला पैसा लागत नाही, दादांनाही मी हेच सांगत आलो आहे.