दारूमुळे लिव्हर फेल, मॅड्रे स्कोअर ६०. आशा सोडायची का?
नाही, एकट्या मॅड्रेवरून (दारूमुळे लिव्हरला आलेली सूज किती गंभीर आहे, हे सांगणारा आकडा) तसं ठरत नाही. या सुजेवर स्टेरॉइड सुरू केल्यावर सातव्या दिवशी काढलेला लिल स्कोअर, म्हणजे औषध लागू पडतंय का हे दाखवणारा आकडा, जास्त सांगून जातो. मॅड्रे म्हणजे ४.६ × (रुग्णाचा प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, वजा लॅबचा कंट्रोल, म्हणजे निरोगी माणसाचा वेळ) + बिलिरुबिन (काविळीत वाढणारं द्रव्य, mg/dL मध्ये). हे आकडे अनुक्रमे २२, १२ आणि १४ असतील तर ४.६ × १० + १४ = ६०. (प्रोथ्रॉम्बिन टाइम सेकंदांतच घ्या, आयएनआर, म्हणजे त्याचंच गुणोत्तर, नको; ही चूक फार होते.) ३२ किंवा वर म्हणजे आजार गंभीर, इतकंच. लिलमध्ये वय, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि स्टेरॉइडआधीचं व सातव्या दिवसाचं बिलिरुबिन धरतात. २००७ च्या मूळ अभ्यासात ०.४५ च्या खालचे सुमारे ८५ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी जिवंत होते, ०.४५ च्या वरचे मात्र सुमारे २५ टक्केच. लिल ०.४५ च्या वर गेला तर स्टेरॉइड सहसा थांबवतात. मात्र मध्येच जंतुसंसर्ग झाला किंवा किडनी बिघडली, तर चांगला (कमी) लिलही फसवा ठरतो.