वाचकांचे प्रश्न : वराडचे वराडकर

प्रश्न : मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते असलेले लिओ वराडकर हे जगातील पहिले समलिंगी पंतप्रधान, असे आमच्याकडे अभिमानाने सांगितले जाते. हे खरे आहे का? आयर्लंडसारख्या कॅथलिक वळणाच्या देशाने त्यांना स्वीकारले कसे? आणि २०२४ मध्ये त्यांनी पद सोडले त्याचे कारणही हेच होते का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : ‘जगातील पहिले’ एवढे शब्द गाळावे लागतील. आइसलँडमध्ये योहाना सिगुर्दारदोत्तिर २००९ मध्येच पंतप्रधान झाल्या होत्या. पुढे बेल्जियममध्ये एलिओ दी रूपो आणि लक्झेंबर्गमध्ये झाविए बेटेल आले. आयर्लंडपुरते मात्र वराडकर पहिलेच, आणि जून २०१७ मध्ये ३८व्या वर्षी ते त्या पदावर आले तेव्हा तोवरचे सर्वांत तरुणही. कोकणाशी नातेही खरे आहे. वडील अशोक वराडकर मुंबईहून इंग्लंडला गेलेले डॉक्टर, आई मिरियम आयरिश परिचारिका. लिओंचा जन्म १९७९ मध्ये डब्लिनला झाला आणि तिथेच ते कॅथलिक संस्कारांत वाढले. ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकशास्त्र शिकताना प्रशिक्षणाचा काही काळ त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काढला. राजकारणाचा नाद त्याआधीपासूनचा : विशीत लढवलेली १९९९ची स्थानिक निवडणूक ते हरले, २००४ मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आले आणि २००७ मध्ये फिने गेल पक्षातर्फे संसदेत पोहोचले.

आता स्वीकाराविषयी. आपण समलिंगी आहोत हे वराडकरांनी १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आयरिश सरकारी रेडिओवरील मुलाखतीत सांगितले. तेव्हा ते आरोग्यमंत्री होते आणि समलिंगी विवाहावरील सार्वमत चार महिन्यांवर आले होते. समलिंगी पुरुषांच्या रक्तदानावरील बंदीसारखे निर्णयही त्यांच्याच खात्याकडे होते, त्यामुळे आपण काही लपवून निर्णय घेतो आहोत असे कोणाला वाटू नये, हे त्यांनी बोलण्याचे एक कारण दिले. आपण ‘अर्धे भारतीय राजकारणी’ नाही, ‘डॉक्टर राजकारणी’ नाही आणि ‘समलिंगी राजकारणी’ही नाही, असेही ते त्याच मुलाखतीत म्हणाले. मे महिन्यात सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. जनतेच्या थेट मताने हा हक्क देणारा आयर्लंड हा पहिला देश ठरला.

मात्र याचे मोठे श्रेय वराडकरांच्या पदरात टाकणे मला पटत नाही. आयर्लंडमध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होते. आपल्याकडील कलम ३७७ ज्या व्हिक्टोरियन काळातले, त्याच काळातला १८६१चा ब्रिटिश कायदा स्वातंत्र्यानंतरही तिथे तसाच राहिला होता. डेव्हिड नॉरिस हे प्राध्यापक त्याविरुद्ध न्यायालयात गेले, १९८३ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात हरले आणि १९८८ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जिंकले. दरम्यान ते सिनेटवर निवडूनही आले होते. त्यांच्यासारख्यांनी वाट तुडवून ठेवली होती. वराडकर त्या वाटेवर उशिराच आले. २०१० मध्ये संसदेत बोलताना प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोघेही मिळण्याचा हक्क आहे, अशी बऱ्यापैकी पारंपरिक भूमिका त्यांनी मांडली होती.

समलिंगी असण्याचा त्यांना फायदा झाला की तोटा, याचा अंदाज २०१७च्या पक्षनेतेपदाच्या निवडणुकीवरून घेता येतो. तिथे मतांना वजन ठरलेले होते : खासदारांना ६५ टक्के, सामान्य सदस्यांना २५ आणि नगरसेवकांना १०. सदस्यांमध्ये प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी सुमारे ६५ टक्के मते घेऊन पुढे होते, पण खासदारांनी ५१ विरुद्ध २२ अशी मते वराडकरांना दिली आणि तिथेच निकाल लागला. प्रचारातील वाद होता तो आर्थिक धोरणाचा. ‘सकाळी लवकर उठून कामाला जाणाऱ्यांचा’ कैवार घेणारे वराडकर बऱ्याच जणांना फार उजवे वाटत. त्याच वर्षी समाजकल्याणमंत्री असताना सरकारी भत्ते लाटणाऱ्यांविरुद्ध त्यांनी जाहिरात मोहीम चालवली होती, तिचा राग डाव्या गटांनी पुढे कितीतरी वर्षे काढला.

पद सोडण्याची कारणेही बहुतांशी अशीच राजकारणातली. २०१८ मध्ये गर्भपातावरील घटनात्मक बंदी सार्वमताने उठली आणि २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत त्यांनी आयर्लंडची बाजू नेटाने लावून धरली. तरीही २०२० मध्ये घरटंचाई आणि वाढत्या भाड्यांनी त्रासलेल्या मतदारांनी फिने गेलला ३५ जागांवर, तिसऱ्या क्रमांकावर आणले. मग जुन्या प्रतिस्पर्धी फिआना फॉलशी आणि ग्रीन पक्षाशी आघाडी करावी लागली. ठरल्याप्रमाणे वराडकर आधी उपपंतप्रधान होते आणि डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. डॉक्टरांच्या एका कराराचा गोपनीय मसुदा त्यांनी ओळखीच्या माणसाला दिल्याचे प्रकरणही मधल्या काळात गाजले. पोलीस चौकशी झाली, खटला मात्र भरला गेला नाही. मार्च २०२४ मध्ये कुटुंब आणि संगोपन यांविषयीच्या घटनादुरुस्तीची दोन्ही सार्वमते सरकार हरले आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला, वैयक्तिक आणि राजकीय अशी दोन्ही कारणे देत, त्यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणूक त्यांनी लढवली नाही.

तुमच्या भागात ते डिसेंबर २०१९ मध्ये कुटुंबासह येऊन गेले, तेव्हा ते पदावरच होते.